खाली ठिपका

आमच्या थोरल्या वहिनींच्या डाव्या हातावर घरातली गेलेली माणसे राहत असत. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. वहिनी तसेच म्हणत, आणि त्यांच्या बोलण्यात अलंकार नसे. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट निळ्या ठिपक्यांच्या ओळी होत्या आणि प्रत्येक ठिपका एका मयताचा होता. एखाद्या पाहुण्या बाईने कौतुकाने विचारावे, ‘गोंदण लय जुनं दिसतंय वो?’ तर वहिनी हात पुढे करून एकेका ठिपक्यावर बोट ठेवीत सांगू लागत, ‘ह्या सासूबाई. हे आमचे मालक. हा सालगडी, साप चावलेला. ही चुलत नणंद, हिला लय बोलायची सवय, आजून बी गप बसत न्हाई.’ बाईचे कौतुक तेवढ्यात मावळे. चहा अर्धा टाकून ती उठे.

माझा जन्म मोजणी खात्यात गेला. जिल्ह्यातले निम्मे बांध माझ्या पायाखालून गेले आहेत. तरी ते ठिपके मी कधी मोजले नाहीत. त्यांतला एक, मनगटाच्या हाडाजवळचा, माझ्या पत्नीचा होता. वहिनी ताट वाढत तेव्हा तो माझ्या डोळ्यांसमोर येई. मी भाकरीकडे पाहत असे.

सोनेनाणे सून काढून घेते, लुगडे माती खाते, गोंदण तेवढे सोबत येते, ही समजूत गंगाखेडच्या बाजूला बायकांत जुनी आहे. वहिनींनी तिला आपले वळण दिले. त्यांचे पहिले मूल बारशाआधीच गेले. पुढे दारावर गोंदणारी आली आणि रिवाजाप्रमाणे तिने विचारले, कुणाचे नाव काढू? मुलाला नाव नव्हते. वहिनी म्हणाल्या, ‘मंग नुस्ता ठिपका दे.’ त्यानंतर घरातल्या प्रत्येक मयताला ठिपकाच मिळाला, नाव असलेल्यांनाही. एकाला नाव आणि एकाला ठिपका असा दुजाभाव तिकडे चालायचा नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेला माणूस लिंगैक्य होतो, शिवात मिसळतो. मागे काही उरते असे आम्ही मानत नाही. त्यामुळे आमच्या जंगम स्वामींना हा प्रकार रुचत नसे. एकदा त्यांनी स्पष्टच विचारले, ‘बाई, जो शिवात गेला त्याला हातावर कशाला बांधून ठेवता?’

‘बांदलं न्हाई स्वामी,’ वहिनी म्हणाल्या, ‘ते गेले तिकडं खुशाल. पर तिकडं गर्दी लय असंल. मी गेल्यावर कुणी वळखाया नगं?’

स्वामींनी त्यांच्या कपाळी विभूती लावली आणि पाऊसपाण्याची चौकशी केली.

गावाला त्यांची थोडी धास्ती होती. शेवटच्या ठिपक्यापुढची कोरी कातडी खाजू लागली की नात्यात कुणीतरी जाते, असा बोलवा होता. बोलवा वहिनींनी उठवला नव्हता आणि खोडूनही काढला नव्हता. आमच्या शेजारी मन्मथअप्पांचे किराणा दुकान होते. वहिनी ओट्यावर हात खाजवताना दिसल्या की अप्पा गल्ल्यावरून ओरडत, ‘वैनी, खाजवू नका, माझी तब्येत बरी न्हाई!’

‘तुमाला कोन घेतंय अप्पा? तुमी तिकडं बी वजनात माराल.’

अप्पा मोठ्याने हसत. मात्र त्या दिवशी दुकान लवकर बंद होई.

सत्तरी ओलांडल्यावर वहिनींची पाठ दुखू लागली. आधी तेल, मग पट्टा, मग इंजेक्शने झाली. पुढे पायांना मुंग्या येऊ लागल्या आणि चालताना चप्पल सुटून मागे राहू लागली. सुटलेली त्यांना कळतही नसे. तपासण्या झाल्या. कमरेच्या वरच्या मणक्यात गाठ निघाली. ती दुसरीकडून आलेली नव्हती, तिथेच उगवली होती, आणि किरणांनी ती जळते, एवढे सुदैव. दुर्दैव असे की वहिनींना मूत्रपिंड एकच होते. उजवे पुष्कळ वर्षांपूर्वी मुतखड्यांपायी काढून टाकलेले. राहिलेल्या डाव्याबद्दल त्या म्हणत, ‘एक गेला, दुसरा दोगांचं करायलाय. माझ्यासारखंच.’

किरणांसाठी रेल्वेने शहरात जावे लागे. तिथल्या डॉक्टर वयाने लहान होत्या, बोलायला सरळ. त्यांनी संगणकावर चित्र दाखवले. मधे मणका, त्यात काळी गाठ, गाठीला चिकटून जाणारी मज्जारज्जूची दोरी, आणि डाव्या अंगाला ते एकटे मूत्रपिंड.

‘आजी, गाठ जाळायची आहे. पण तिच्याशेजारी तुमची किडनी आहे. मधे बोटभर जागा. म्हणून किरणं वेगवेगळ्या बाजूंनी, तिरकी, किडनीला वळसा घालून सोडायची. तुम्ही मात्र रोज अगदी त्याच जागी, तसंच निजलं पाहिजे. तसूभर हललं तर चालणार नाही.’

‘अन् हाललं तर?’

‘तर गाठ राहील आणि किडनी जाईल.’

‘अन् काहीच केलं न्हाई तर?’

‘पाय जातील.’

वहिनींनी चित्रातल्या गाठीवर बोट ठेवले. ‘शेजारच्या घराला आग लावायची अन् आपलं छप्पर वाचवायचं,’ त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. ‘भावजी, बाई खरं बोलायली. हिच्याच हातून करू.’

पहिल्या दिवशी त्यांच्या देहाचा साचा घेतला. बारीक दाण्यांनी भरलेली एक मोठी निळी पिशवी टेबलावर पसरली होती. वहिनी तिच्यावर निजल्या, तंत्रज्ञाने पिशवीतली हवा ओढून घेतली आणि पिशवी त्यांच्या पाठीभोवती, कुशींभोवती आवळत दगडासारखी झाली. इष्टलिंग गळ्यातून काढायला त्यांनी साफ नकार दिला. डॉक्टरांनी तोड काढली. हात डोक्यावर घ्यायचेच होते, तेव्हा लिंग मुठीत धरावे. वहिनी उठल्या तरी पिशवीत त्यांचा खळगा तसाच राहिला. पाठीचा पोक, खांद्याचा उतार, सगळे त्यात होते. तंत्रज्ञाने त्यावर नावाची चिठ्ठी लावली आणि पिशवी फळीवर उभी केली. फळीवर तशा पुष्कळ पिशव्या होत्या, प्रत्येकीत एकेक खळगा.

‘एवढी मानसं कुटं गेली?’ वहिनींनी विचारले.

‘घरी गेली, आजी.’

‘अन् आंग हितंच ठिवून?’

तंत्रज्ञ हसला. मला हसू आले नाही. मी पाठ फिरवली तेव्हा त्या सगळ्या पिशव्या आमच्याकडे तोंड करून उभ्या आहेत असे मला वाटत होते. त्यांना तोंडे नव्हती.

त्यानंतर खुणा. खोलीच्या भिंतींतून प्रकाशाच्या लाल रेषा येत, त्या जिथे एकमेकींना छेदत तिथे तंत्रज्ञाने जांभळ्या शाईचे ठिपके दिले. एक पोटावर बेंबीच्या वर, एक उजव्या कुशीला, एक डाव्या कुशीला. रोज रेषा या ठिपक्यांवर आणायच्या की देह जागेवर आला.

वहिनींनी मान उचलून पाहिले. ‘हे कुनाचे?’

‘कुणाचे नाहीत आजी. मशीनचे.’

‘खाली?’

तंत्रज्ञाला वाटले, ठिपके खालच्या बाजूला आहेत का असे त्या विचारतात. ‘नाही नाही, बरोबर जागेवर आहेत,’ तो म्हणाला. आमच्याकडे ‘खाली’ म्हणजे रिकामे. निजामाच्या राजवटीने मागे ठेवलेले ते बोलणे आहे. वहिनींना एवढेच कळले की आपल्या अंगावर तीन रिकामे ठिपके आले आहेत. ‘ठिपका कदी खाली नसतो,’ त्या मला बाहेर आल्यावर म्हणाल्या. जाताना तंत्रज्ञाने बजावले होते, ‘आजी, खुणा पुसू देऊ नका. खूण गेली तर किरणं किडनीवर जातील.’ हे वाक्य त्यांनी पदराला गाठ मारावी तसे जपले. पुढचे सगळे त्याच वाक्यातून निघाले.

आम्ही रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत राहू आणि शनिवारी गावी परत येऊ. रोज सकाळी बाकावर नंबर लागे. त्या बाकावर पालमचे एक कापड दुकानदार भेटत. त्यांच्या घशात गाठ होती. त्यांचा साचा म्हणजे जाळीचा मुखवटा. तोही फळीवरच असे. बायकापोरे नव्हती, एक भाचा डबा पोचवी. आवाज बसून नुसती हवा उरली होती, तरी थट्टा सुटली नव्हती.

‘वैनी,’ ते कुजबुजत, ‘तुमचं आंग अन् माझं तोंड फळीवर हाय. जोडलं तर एक पुरा मानूस व्हईल.’

‘अन् त्यो घरी कुनाच्या जाईल?’

‘तुमच्याच. मला एक ठिपका द्या की.’

‘तुमी आमच्या घरचे न्हाईत.’

‘मी कुनाच्याच घरचा न्हाई,’ ते म्हणाले. हे थट्टेत म्हटले होते. वहिनींनी हातावरून पदर ओढून घेतला.

उन्हाळा चढत गेला. परभणीकडचा उन्हाळा बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. घामाने शाई फिकी होई, तंत्रज्ञ ती पुन्हा भरी. एका रविवारी गावी असताना वहिनींनी आंघोळ केली आणि खुणा पार गेल्या. त्या मला काही बोलल्या नाहीत. दुपारी ‘बाजारात जाऊन येते’ म्हणून रिक्षाने गंगाखेडला गेल्या. तिथे एक म्हातारी गोंदणारी तेव्हा अजून बसे. सुया गेल्या, तिच्याकडे बॅटरीवरचे यंत्र आले होते. वहिनींचे जुने ठिपके बहुतेक तिच्याच हातचे. वहिनी तिच्यापुढे चवड्यावर बसल्या, चोळी वर सारली आणि आठवून, बोटांनी मापून जागा दाखवल्या. बेंबीच्या वर चार बोटे इथे, कुशीला इथे आणि इथे. गोंदणारीने विचारले, कुणाकुणाचे? वहिनी म्हणाल्या, ‘दवाखान्याचे.’ गोंदणारी थांबली. ‘खाली ठिपका मी आजवर काडला न्हाई बाई,’ ती म्हणाली. शेवटी तिने काढले.

सोमवारी नेहमीचा तंत्रज्ञ रजेवर होता. दुसऱ्याने वहिनींना साच्यात निजवले, हिरवे ठिपके पाहिले आणि ते रुग्णालयाचेच आहेत असे समजून रेषा त्यांवर आणल्या. कित्येक ठिकाणी रुग्णालयेच असे कायमचे ठिपके देतात, त्यामुळे त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. किरण सोडण्याआधी हाडांचे चित्र घेऊन पाहतात, तेवढे त्याने घेतले. मी दाराबाहेर उभा होतो. तो पडद्यासमोरून उठला, आत गेला, पुन्हा बाहेर आला आणि त्याने डॉक्टरांना फोन लावला.

‘मॅडम, मणका जुळत नाही. सगळं खाली गेलंय.’

आतून, त्या जाड दाराच्या फटीतून, वहिनींचा आवाज आला. ‘तेच म्हनायले मी. खालीच हायेत ते.’

त्या दिवशी किरण सोडला नाही. डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवले. ठिपक्यांवर भरवसा ठेवला असता तर किरणांची वाट नेमकी मूत्रपिंडावरून गेली असती. बसलेल्या माणसाचे पोट घडी घेते, कुशीची कातडी ओघळते. निजले की तीच कातडी दुसरीकडे सरकते. वहिनींनी बसून मापले होते. मला समजावून सांगण्याची गरज नव्हती. नदीपात्रातल्या वाळूत निशाणी रोवू नये, हा मोजणीतला पहिला धडा. म्हाताऱ्या माणसाची कातडी ही वाळूच आहे. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी जखमेला मलम दिले, दोन दिवस थांबून नव्याने चित्रे काढली, शाईच्या नव्या खुणा दिल्या, आणि हिरव्या ठिपक्यांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या, कुणी पुन्हा फसू नये म्हणून.

वहिनींना चुकीची खंत नव्हती. भीती निराळी होती. बाकावर बसून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘भावजी, मी तीन घरं बांदली अन् कवाडं उगडी ठिवली. खाली घर दिसलं की कुनीतरी शिरतंय. त्यात डाव्या कुशीचं तर किडनीच्या उंबऱ्यावर हाय.’

‘वहिनी, ते शाईचे डाग आहेत.’

‘मनगटावरचा बी शाईचाच डाग हाय की, भावजी.’



त्या आठवड्यात त्यांच्या पोटावरचा ठिपका खाजू लागला. डॉक्टर म्हणाल्या, किरणांनी कातडी कोरडी पडते. वहिनी म्हणाल्या, ‘किरनं पाठीकडून बी यायलीत बाई. पाठ न्हाई खाजत.’ पुढच्या सोमवारी बाकावर पालमचे दुकानदार नव्हते. त्यांचा भाचा डबा घेऊन आला होता, सवयीने. शनिवारी पहाटे मामा गेले हे सांगताना तो डबा कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हते. वहिनींनी डबा आपल्या मांडीवर घेतला. मग लुगड्यावरूनच बेंबीच्या वर बोट ठेवले आणि दाराशी आलेल्या माणसाला म्हणावे तसे म्हणाल्या, ‘या.’

किरण चालू असताना खोलीत कुणी थांबत नाही. दार बंद होते आणि माणूस एकटा उरतो. बाहेर पडद्यावर तो दिसतो. त्या दिवशी तंत्रज्ञाने मला पडद्याजवळ बोलावले. यंत्राचे अवजड डोके वहिनींभोवती संथपणे फिरत होते, हात डोक्यावर, मुठीत लिंग, आणि त्यांचे ओठ हलत होते. तंत्रज्ञाने ध्वनिक्षेपकावर सांगितले, ‘आजी, बोलू नका. पोट हलतं.’ ओठ मिटले. थोड्या वेळाने हलले. मिटले.

बाहेर आल्यावर मी विचारले, तेव्हा त्या त्रासून म्हणाल्या, ‘मी कुटं बोलायले? नुस्तं गप बसा म्हनायले. त्येंचा घसा बरा झालाय, आता लय बोलायलेत.’

उजव्या कुशीचा ठिपका कुणाला द्यावा हे त्यांना काही दिवस सुचत नव्हते. एकदा त्यांनी डॉक्टरांना अचानक विचारले, ‘बाई, माजी काडलेली किडनी कुटं गेली असंल?’

‘ऑपरेशनमध्ये काढलेले अवयव जाळून टाकतात, आजी.’

‘जाळतेत?’ वहिनींचा चेहरा उतरला. ‘आमच्यात जाळत न्हाईत.’

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी धर्मशाळेच्या पायरीवर बसून म्हणाल्या, ‘माजंच मानूस व्हतं ते, भावजी. परक्या गावात एकटं जळालं. कुनी रडलं न्हाई. आता त्यो जोडीदाराला हाका मारतोय. त्याला घर देते, म्हंजी गप राहील.’ उजवा ठिपका त्यांनी मेलेल्या मूत्रपिंडाला दिला. हे लिहिताना मला हे हास्यास्पद वाटायला हवे. त्या पायरीवर ते तसे वाटले नाही.

राहिला डावा. जिवंत मूत्रपिंडाशेजारचा. तिथे मेलेले माणूस बसवायचे नाही, यावर त्या ठाम होत्या. ‘जित्याच्या शेजाराला जितं पायजे,’ त्या म्हणाल्या. बराच वेळ विचार करून त्यांनी मला विचारले, ‘तुमाला बसवू का?’

मी हरकत घेतली नाही. 

‘पर एक हाय. तुमी हायेत तवर माजी किडनी हाय. तवा बिड्या बंद. अन् रातच्याला गाडीवर फिरायचं न्हाई.’

मी बिडी सोडली. पन्नास वर्षांचे व्यसन कसे सुटले असे लोक विचारतात. 

उपचार संपले. गाठ सुकली, पायांतल्या मुंग्या गेल्या, आणि मूत्रपिंड शाबूत राहिले. डॉक्टरांनी अहवाल वाचताना पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. वहिनी निघताना आपली पिशवी मागू लागल्या. तंत्रज्ञाने सांगितले, ती आता दुसऱ्यासाठी वापरायची. त्यांनी त्याला हवा सोडायला लावली आणि आपला खळगा पुरता मिटेपर्यंत तिथे उभ्या राहिल्या.

पुढे काही वर्षे त्या चालत्याफिरत्या होत्या. सकाळी चहाला आधण ठेवण्याआधी स्वयंपाकघरातून हाक येई, ‘भावजी, हायेत का?’ मी म्हणे, ‘आहे.’ मग आधण पडे. एका उन्हाळ्यात मला न्यूमोनिया झाला आणि मी परभणीच्या रुग्णालयात पडून राहिलो. त्याच महिन्यात वहिनींच्या रक्ताचा अहवाल बिघडला. मी उठलो, तसा तोही सुधारला. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, उन्हाळा आहे, पाणी कमी प्यायल्या असतील. तसेच असेल.  वहिनी मात्र मला दिवसातून चार वेळा पाणी पाजू लागल्या.

गोंदणारी वारली तेव्हा वहिनींनी आपल्या हाताकडे पाहून म्हटले, ‘आता नवं घर बांदनारं कुनी न्हाई.’ मन्मथअप्पाही गेले. त्यांच्या मुलाने थट्टेत विचारले, ‘काकू, एक ठिपका खाली हाय म्हनं तुमच्याकडं?’ वहिनी म्हणाल्या, ‘हाय. पर त्यो राखीव हाय.’ आणि डाव्या कुशीवर हात ठेवला. मी ओट्यावर बसलो होतो. मुलगा एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहून निघून गेला.

गेल्या हिवाळ्यात एकदा तुरीच्या शेंगा सोलताना त्या म्हणाल्या, ‘भावजी, मी आदी गेले तर तुमची जागा मला संगं न्यावी लागंल. उतरून ठिवता येत न्हाई.’

‘न्या.’

‘भ्याव न्हाई वाटत?’

‘नाही.’

‘मंग सावकाश या. जागा खाली हाय.’

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या गेल्या. गाठीने नाही, मूत्रपिंडानेही नाही. हृदय थांबले. महिन्यापूर्वीचा मूत्रपिंडाचा अहवाल उत्तम होता. तो मी डॉक्टरांना कळवला, बातमीसोबत. 

आमच्यात देह निजवत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून मांडी घालून बसवतात, आणि बसलेलाच खड्ड्यात उतरवतात. डाव्या तळहातावर लिंग ठेवतात. वहिनींना उतरवले, पाठ मातीच्या भिंतीला टेकवली, मान सरळ केली. स्वामी मंत्र म्हणत होते. मी काठावर उभा होतो. बेलाची पाने त्यांच्या मांडीवर पडत होती आणि माझी नजर लुगड्याआड, डाव्या कुशीकडे गेली. रुग्णालयाच्या टेबलावर ते ठिपके चुकले होते, कारण वहिनी तिथे निजलेल्या होत्या. गोंदणारीने त्या बसलेल्या असताना गोंदले होते. आता त्या बसल्या होत्या. कातडी आपल्या घडीवर आली होती. एकही ठिपका सरकलेला नसणार.

स्वामींनी मला खूण केली. पहिली मूठ घरच्या माणसाची. मी माती उचलली. खाली माझी जागा होती, म्हणून मी ती फार हलक्या हाताने टाकली.